जिब्लेट्स म्हणजे काय? कोंबडीच्या पोटातली ती पुडी, तिचा अर्थ आणि तिचं करायचं काय

दरवर्षी नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंग (आख्खी टर्की, म्हणजे कोंबडीसारखा पण बराच मोठा पक्षी, भाजून खायचा अमेरिकेतला सण) जवळ आला की ओळखीतल्या, इथे नवीन आलेल्या पोरांचे मेसेज सुरू होतात, "ताई, टर्कीच्या आत एक कागदाची पुडी निघालीय, आत काहीतरी लालकाळं लिबलिबीत आहे, फेकून देऊ का?" तर आधी तेच सांगते, फेकू नका. ती खराब झालेली वस्तू नाही आणि कंपनीकडून चुकून आत राहिलेली पण नाही, मुद्दाम साफ करून ठेवलेली असते. त्यालाच जिब्लेट्स म्हणतात. आणि गंमत म्हणजे तुम्ही ते लहानपणापासून खात आलाय, फक्त आपल्याकडे त्याला कलेजी-पेटा म्हणतात.

मी इथे न्यू जर्सीत येऊन बरीच वर्षं झाली, पण मोठी झाले सातारा जिल्ह्यातल्या एका गावात, त्यामुळे दोन्हीकडची पद्धत हातात बसलीय. म्हणून म्हटलं एकदाच नीट सगळं लिहून ठेवावं, म्हणजे पुढच्या वर्षी लिंक पाठवता येईल :)

आधी शब्दाचं बघू

उच्चार जिब्लेट. गिब्लेट नाही. स्पेलिंग 'जी'ने सुरू होतं म्हणून आपल्यातले बरेच जण गिब्लेट म्हणतात, पण तो जिंजरमधला 'जि' आहे. शब्द जुन्या फ्रेंचमधून आलाय, तिथे त्याचा अर्थ होता शिकारीच्या पक्ष्याप्राण्यांचं कालवण. इंग्रजीत आल्यावर मात्र आधी 'बिनमहत्त्वाचा, जास्तीचा भाग' असा अर्थ होता आणि मग तो पक्ष्याच्या पोटातल्या अवयवांना चिकटला. बिनमहत्त्वाचा हे मला अजिबात पटत नाही, पण शब्दाचा इतिहास तसा आहे.

आज स्वयंपाकात जिब्लेट्स म्हणजे पक्ष्याचे तीन अवयव. यकृत म्हणजे आपली कलेजी, हृदय म्हणजे दुकानात ज्याला दिल म्हणतात ते, आणि गिझर्ड म्हणजे पेटा (कोणी पेठा पण म्हणतं, आग्र्याच्या पेठ्याशी त्याचा संबंध नाही). पुडीत बहुतेक वेळा मान पण असते किंवा मान वेगळी आत ठेवलेली असते. काटेकोर बघितलं तर मान जिब्लेटमध्ये मोडत नाही, पण रेसिपीवाले तिला धरूनच चालतात, त्यामुळे 'जिब्लेट्स बाजूला ठेवा' असं वाचलं की मानही बाजूला ठेवायची.

अजून एक गोंधळ होतो तो ऑफल या शब्दाशी. ऑफल म्हणजे कुठल्याही प्राण्याचे आतले अवयव, त्यात बकऱ्याची कलेजी, गुर्दा, भेजा, वजडी सगळं आलं. जिब्लेट्स फक्त पक्ष्यांचे, म्हणजे कोंबडी, टर्की, बदक, हंस. बकऱ्याच्या कलेजीला जिब्लेट म्हणता येत नाही. कोंबडीचे पाय, मुंडकं, आतडी हे पण त्यात येत नाहीत.

आणि आपल्याच भाषेतली एक गोष्ट. काळीज म्हटलं की आपण छातीवर हात ठेवतो, काळजाचं पाणी झालं, काळजाचा तुकडा, हे सगळं हृदयाचं. पण तेच खाटकाकडे कलेजी मागितली की तो यकृत देतो. म्हणून माझी मैत्रीण रेसिपी वाचताना 'हार्ट'च्या जागी कलेजी समजली आणि तिने पहिल्यापासून शिजत टाकली, ग्रेव्ही कडू झाली. नावं नीट कळली पाहिजेत ती यासाठीच, कारण या तिघांचा स्वभाव वेगळा आहे आणि शिजायचा वेळ तर पार वेगळा आहे. हा एवढा एकच मुद्दा लक्षात ठेवला तरी अर्धं काम झालं: नाव एक असलं तरी तिघांना कधीच एका वेळी भांड्यात टाकायचं नाही.

हिंदीवाले पोटा-कलेजी म्हणतात, बंगाली लोक गिला-मेटे म्हणतात (गिला म्हणजे पेटा, मेटे म्हणजे कलेजी), जपानमध्ये यकीतोरीच्या (काडीला लावून भाजलेल्या कोंबडीच्या) दुकानात पेट्याला सुनागीमो म्हणतात म्हणजे शब्दशः वाळूची कलेजी. हे नाव मला फार आवडतं कारण पेट्याचं कामच ते आहे.

पेटा काय असतो ते मी कसं बघितलं

आमच्याकडे गावरान कोंबडी कापली की साफ करायचं काम आत्याचं. ती परसात विळी घेऊन बसायची आणि मी समोर उकिडवी. पेटा म्हणजे मुठीएवढा घट्ट गोळा, बाहेरून तांबूस-जांभळा, चरबी लागलेला. आत्या त्याला कडेने चीर द्यायची, पूर्ण दोन तुकडे नाही करायची, पुस्तकासारखा उघडायची. आत भिजलेले ज्वारीचे दाणे, हिरवा पाला, आणि बारीक बारीक खडे, एकदम गुळगुळीत झालेले. एकदा निळ्या काचेच्या बांगडीचा तुकडा निघाला होता, त्याची धार पूर्ण गेलेली, मी तो कितीतरी दिवस कंपासपेटीत ठेवला होता. मग ते सगळं पाण्याने धुवायचं आणि आत जे पिवळं खरखरीत अस्तर असतं त्याच्या कडेला अंगठ्याचं नख घालून ओढायचं, चर्र आवाज होत ते एका झटक्यात निघायचं. "सालटं राहिलं तर दाताखाली रबर येईल गं," आत्या म्हणायची.

कोंबडीला दात नसतात, ती दाणे तसेच गिळते, आणि ते दळायचं काम पेटा करतो, खडे म्हणजे त्या जात्याचे दात. म्हणून तो सगळा निव्वळ स्नायू आहे, दिवसभर काम करणारा. शाळेच्या पुस्तकात त्याला पेषणी म्हणतात, पेषण म्हणजे दळणं. हे एकदा समजलं की तो इतका चिवट का आणि त्याला इतका वेळ का लागतो हे आपोआप कळतं. ब्रॉयलर कोंबडी तयार खाद्य खाते, तिला फार दळावं लागत नाही, म्हणून तिचा पेटा लहान आणि त्यामानाने मऊ असतो, गावरानचा मोठा आणि कडक.

पुडी शोधायची कशी

इथली आख्खी कोंबडी किंवा टर्की आणली की दोन्ही बाजूंनी हात घालून बघायचं. दोन्ही म्हणजे खरंच दोन्ही. मागच्या मोठ्या पोकळीत बऱ्याचदा मान असते, आणि पुडी पुढच्या बाजूला, मानेकडच्या कातडीच्या झापेखाली लपवलेली असते. आमच्या पहिल्या टर्कीत मी मान काढली आणि समजले झालं, पुडी आत तशीच ओव्हनमध्ये गेली, चार तासांनी कापताना दिसली. ती कागदाची होती म्हणून निभावलं. कागदाची पुडी चुकून आत राहिली आणि पक्षी नीट शिजला असेल तर साधारण चालतं, पण प्लॅस्टिकची पिशवी असेल आणि ती वितळली किंवा आकसली असेल तर टर्की पण टाकायची आणि जिब्लेट्स पण, अमेरिकेच्या शेती खात्याची सूचना तशीच आहे. जीव हळहळतो पण खायचं नाही.

फ्रोजन टर्की असेल तर पुडी आत बर्फाला चिकटलेली असते. ओढाताण करू नका, पिशवी फाटते. मुळात टर्की फ्रीजमध्येच सोडवायची, दर दोन किलोला साधारण एक आख्खा दिवस धरायचा, म्हणजे सहा किलोची असेल तर तीन दिवस आधी खाली काढायची. तरी आत बर्फ राहिलाच तर पोकळीत गार पाणी सोडायचं, गरम नाही.

पुडीतले अवयव त्याच पक्ष्याचे असतील असं नाही हं. कधी दोन कलेज्या निघतात आणि दिल नसतं, घाबरायचं कारण नाही, साफ करून एकत्र पॅक करताना तसं होतं. काही पक्ष्यांत पुडी नसतेच, पाकिटावर लिहिलेलं असतं ते वाचा. ब्रिटनमधल्या मैत्रिणी सांगतात की तिकडे सुपरमार्केटच्या बहुतेक कोंबड्या जिब्लेटशिवायच येतात, हवे असतील तर बुचरला आधी सांगावं लागतं.

भारतात हा प्रश्नच नाही. चिकनवाला कटिंग करताना विचारतो, कलेजी-पेटा टाकू का, नाहीतर न विचारताच पिशवीत टाकतो. नुसता कलेजी-पेटा पण वेगळा किलोवर मिळतो आणि मटणाच्या मानाने फारच स्वस्त पडतो. घेताना कलेजी चकचकीत आणि गडद तपकिरी-मरून हवी, हिरवे डाग नकोत, वास आंबूस नको. पेटा साफ करून दिलेला असला तरी पिवळं अस्तर राहिलंय का ते घरी आल्यावर बघाच, गर्दीच्या वेळी हमखास राहतं.

साफ करणे

कलेजीला दोन पाळ्या असतात, मधे पांढरी शीर आणि थोडी चरबी, ती सुरीच्या टोकाने काढायची. सगळ्यात महत्त्वाचं पित्त. घरी कोंबडी कापली असेल तर कलेजीला चिकटून छोटी गडद हिरवी पिशवी असते, ती फुटू द्यायची नाही, तिच्याभोवतीची थोडी कलेजी गेली तरी चालेल पण तेवढ्या भागासकट कापून टाकायची. फुटलीच तर लगेच धुवा आणि जिथे हिरवं लागलंय तो भाग काढून टाका, मसाला कितीही घाला तो कडूपणा झाकला जात नाही. दुकानातल्या कलेजीत पिशवी नसते पण हिरवट डाग कधीकधी असतो, तो कापायचा.

दिलाचं सोपं आहे. वरच्या टोकाला नळ्या आणि पांढरी चरबी असते ती उडवायची, मग बोटांनी दाबून आत साकळलेलं रक्त बाहेर काढायचं. मोठं असेल तर उभं चिरून दोन भाग करा, धुवायला बरं पडतं.

पेट्याचं वर सांगितलंच. साफ केलेल्या पेट्यावर बाहेरून चंदेरी पापुद्रा असतो, तो नुसतं परतून खायचं असेल तर धारदार सुरीने काढा, कुकरमध्ये लावणार असाल तर राहू दे, मऊ पडतो.

धुताना एक काळजी घ्या, नळ सोडून जोरात धुवू नका, शिंतोडे उडून कच्च्या मांसातले जंतू ओट्यावर, भांड्यांवर, बाजूच्या कोथिंबिरीवर जातात. पातेल्यात पाणी घेऊन त्यातच हलक्या हाताने खळबळायचं आणि मग सिंक, पाट, हात साबणाने धुवायचे. वास फार वाटत असेल तर हळद आणि लिंबू चोळून पंधरा मिनिटं ठेवा. कलेजीसाठी दूध पण चालतं, अर्धा तास बुडवून ठेवायची आणि ते दूध टाकून द्यायचं.

आता शिजवणं, आधी आपल्या पद्धतीने

अर्धा किलो घेतलं असेल तर साधारण ३०० ग्रॅम पेटा आणि २०० ग्रॅम कलेजी-दिल असं धरते. पेट्याचे एकाचे दोन-तीन तुकडे करा, हळद, मीठ, चमचाभर आलं-लसूण लावून अर्धा तास ठेवा. मग अर्धी वाटी पाणी घालून कुकरला मध्यम आचेवर पाच-सहा शिट्ट्या, गावरान असेल तर आठ-दहा पण लागतात. कुकर आपोआप उतरू द्या. तुकडा नखाने दाबून बघा, दबला पाहिजे पण फुटता कामा नये, थोडा चावा राहिला पाहिजे, तीच तर पेट्याची मजा आहे. उरलेलं पाणी फेकायचं नाही!

तोपर्यंत कढईत तीन-चार चमचे तेल, दोन मोठे कांदे बारीक चिरून चांगले लालसर परतायचे, इथे घाई करू नका. सुकं खोबरं भाजून लसूण, आलं, कोथिंबीर घालून वाटलेलं वाटण तीन चमचे, ते तेल सुटेपर्यंत परता, मग दीड-दोन चमचे कांदा-लसूण मसाला. त्यात पेटा आणि कुकरमधलं पाणी. हे दहा मिनिटं असंच आटत ठेवायचं आणि याच वेळी दिल पण टाकायचं, त्याला दहा-पंधरा मिनिटं पुरतात.

कलेजी सगळ्यात शेवटी. मसाला कोरडा व्हायला लागला की कलेजीचे तुकडे टाका, एकदा हलक्या हाताने हलवा, झाकण ठेवून सहा-सात मिनिटं. सारखं ढवळू नका, फुटते. आणि जास्त ठेवू पण नका, कलेजी जास्त शिजली की रवाळ, कोरडी होते आणि तोंडात भुसा आल्यासारखं लागतं. लोकांना कलेजी आवडत नाही म्हणतात ना, त्यातल्या निम्म्यांनी फक्त जास्त शिजवलेली कलेजी खाल्लेली असते असं माझं ठाम मत आहे.

पण कच्ची ठेवणं त्याहून वाईट. काही हॉटेलांत आतून गुलाबी ठेवायची फॅशन आहे, ती घरी नको. कोंबडीच्या कलेजीत कॅम्पिलोबॅक्टर नावाचा जंतू असू शकतो आणि तो नुसता वरून नाही तर आतल्या भागात पण असतो, वरून खरपूस झाली तरी आत जिवंत राहतो. सगळ्यात जाड तुकडा कापून बघा, आत लाल-गुलाबी दिसायला नको. थर्मामीटर असेल तर ७४ अंश सेल्सिअस (इथल्या १६५ फॅरेनहाइट) झालं की लगेच गॅस बंद. वरून लिंबू, कोथिंबीर, आणि ज्वारीची भाकरी.

आणि इथली जिब्लेट ग्रेव्ही

थँक्सगिव्हिंगला टर्की ओव्हनमध्ये असते तेव्हाच हे बाजूच्या शेगडीवर लावायचं म्हणजे वेळ बरोबर जुळतो. मान, पेटा, दिल थोड्या बटरवर तपकिरी होईपर्यंत परता, मग एक कांदा, एक गाजर, सेलरीचा एक दांडा, पाच-सहा मिरे, एक तमालपत्र आणि दीड लिटर पाणी. उकळी आली की आच अगदी बारीक, दीड ते दोन तास, वर फेस येईल तो काढत राहा. खदखदा उकळलं तर स्टॉक, म्हणजे हे उकळून तयार झालेलं पाणी, गढूळ होतो. कलेजी अगदी शेवटी दहा-बारा मिनिटं, किंवा सरळ घालूच नका, कारण तिची चव सगळ्यावर चढते आणि जास्त वेळ उकळली तर कडवटपणा येतो. मी कलेजी वेगळी बटरवर परतून घेते.

मग गाळायचं. पेटा, दिल बारीक चिरा, मानेचं मांस हाताने सोडवा, त्यात बारीक हाडं असतात तेव्हा बघून. टर्कीच्या ट्रेमधली चरबी किंवा बटर चार टेबलस्पून, त्यात चार टेबलस्पून मैदा, दोन-तीन मिनिटं परतायचा म्हणजे कच्चेपणा जातो, मग तीन कप गरम स्टॉक थोडा थोडा करत घालायचा आणि व्हिस्कने सतत हलवत राहायचं. दाट झालं की चिरलेलं सगळं आत. ट्रेमधला रस घालणार असाल तर मीठ सगळ्यात शेवटी, तो आधीच खारट असतो. दक्षिणेकडच्या राज्यांत यात उकडलेलं अंडं चिरून घालतात, ते मला फार आवडलं. लुइझियानामध्ये हेच कलेजी-पेटा बारीक करून मसाल्यात परततात आणि भातात मिसळतात, त्याने भात मळकट तपकिरी होतो म्हणून त्याचं नावच डर्टी राइस, म्हणजे मळका भात. आपल्या खिमा-पुलावाच्या जवळ जाणारी चव आहे, एकदा करून बघा.

कोणी जपून खायचं

१०० ग्रॅम कच्च्या कलेजीत साधारण ९ मिलिग्रॅम लोह असतं आणि बी-१२ भरपूर, म्हणून रक्त कमी आहे म्हटलं की घरची मोठी माणसं कलेजी खा सांगतात, ते चुकीचं नाही. पण त्याच कलेजीत व्हिटॅमिन ए इतकं जास्त असतं की गरोदरपणात ती टाळायला सांगतात, ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा तर स्पष्ट लिहिते. मला हे मुद्दाम लिहायचंय कारण आपल्याकडे नेमकं उलटं होतं, दिवस गेलेत, हिमोग्लोबिन कमी आलंय, तर सासू-आई प्रेमाने कलेजीच करून घालतात. तेव्हा प्लीज डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. युरिक अ‍ॅसिड वाढलेलं असेल, गाउटचा (सांधे सुजून दुखण्याचा) त्रास असेल तरी कलेजी-पेटा दोन्ही बेताने. कोलेस्टेरॉलवाल्यांनी कलेजी कमी करून पेटा खाल्ला तर जास्त बरं, पेट्यात फॅट अगदी कमी आणि प्रोटीन चांगलं असतं.

साठवणं

कच्चे जिब्लेट्स फ्रीजमध्ये एक, फारतर दोन दिवस. मांसापेक्षा लवकर खराब होतात. फ्रीझरमध्ये तीन-चार महिने चांगले राहतात. एका कोंबडीतून जेमतेम मूठभर निघतात, तेवढ्यात काय होणार असं वाटून लोक टाकून देतात, त्यासाठी माझ्या फ्रीझरमध्ये कायम दोन पिशव्या असतात, एकीत पेटा-दिल-मान आणि दुसरीत फक्त कलेजी, वर मार्करने पहिली पुडी टाकल्याची तारीख. आख्खी कोंबडी आणली की त्यात भर टाकायची. चार-पाच कोंबड्यांचं जमलं की पहिल्या पिशवीचा स्टॉक होतो, आणि त्या स्टॉकमध्ये नारळाचं दूध, खसखस-तिळाचं वाटण आणि मिरी घालून थंडीत पांढरा रस्सा करते, दुसऱ्या पिशवीतली कलेजी त्याच दिवशी बाजूला परतून. पांढरा रस्सा करताना नारळाचं दूध घातल्यावर मात्र आच बारीक ठेवा आणि उकळू देऊ नका, नाहीतर फुटतो.

कोणाच्या पुडीत अजून काही वेगळं निघालं असेल तर फोटो पाठवा, बघून सांगते. गावरान कोंबडीत कधीकधी पिवळ्या गोट्यांची माळ निघते, ती न घातलेली अंडी असतात, जिब्लेट नाही पण खायची असतात, रश्शात शेवटी पाच-सात मिनिटं सोडा आणि घरातल्या लहान मुलाच्या ताटात वाढा, आमच्याकडे ती नेहमी मला मिळायची.